‘दहा किलोमीटर रेंज’चा वॉकीटॉकी घाटात का गप्प बसतो

पाऊस ओसरून कासच्या बाइक राइड ठरायला लागल्या की साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: हेल्मेटला लावायच्या इंटरकॉमवर माणशी पंधरा-वीस हजार घालवू नका. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत ५ वॅटचा वॉकीटॉकी मिळतो. रेंज १० किलोमीटर, लायसन्सची भानगड नाही, कितीही जण एका चॅनेलवर बोलतात. इंटरकॉम मात्र एकाच कंपनीचे असतील तरच जुळतात. आणि काहीच घ्यायचं नसेल तर फोनवर ग्रुप कॉल लावा.

पैसे वाचवायची इच्छा बरोबरच आहे. पण या सल्ल्यातला बराचसा भाग यवतेश्वरच्या घाटातच गळून पडतो.

आधी लायसन्सचं बघू, कारण इथे चूक महागात पडते. विनापरवाना वॉकीटॉकीसाठी भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा मोकळा आहे. २०१८ च्या नियमांनी त्यावर मर्यादा घातली ती अर्ध्या वॅटची. मेसेजसोबत फोटो असतो तो बहुतेक वेळा बाओफेंग यूव्ही-५आरचा. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करू शकतो, म्हणजे पोलीस, रेल्वे वगैरेंच्या हद्दीत. असा सेट वापरायला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो. तो सरकारी परीक्षा देऊन मिळतो आणि त्या परवान्यावरही ठरलेल्या पट्ट्यांतच बोलता येतं. ‘आम्ही ४४६ वरच ठेवू’ असं कुणी म्हणतं, पण या सेटची ‘लो पॉवर’सुद्धा साधारण एक वॅट, मर्यादेच्या दुप्पट. शिवाय परवान्याशिवाय वायरलेस सेट नुसता जवळ बाळगणंसुद्धा १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ‘ऑनलाइन विकतात म्हणजे चालत असणार’ हा तर्कही सोडा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बेकायदा वॉकीटॉकी विक्रीबद्दल १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. घेताना खोक्यावर ४४६ चा पट्टा आणि अर्धा वॅट लिहिलंय का बघा, आणि विक्रेत्याकडे ईटीए, म्हणजे उपकरणाच्या सरकारी मंजुरीचं, प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ झाली तर दुकान बदला.

आता रेंज. रायडरच्या खिशातला अँटेना जमिनीपासून दीडेक मीटर वर असतो. अगदी सपाट, झाड ना घर अशा मैदानातही पृथ्वीच्या गोलाईमुळे अशा दोन रायडरांमधली सरळ रेषा साधारण ८-९ किलोमीटरवर जमिनीला टेकते. खोक्यावरचे १० किलोमीटर खरे ठरतात ते फार तर एक जण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली आणि दुसरा खाली उघड्यावर उभा असेल तेव्हा. पसरणी घाटात दोन वळणांमध्ये हवाई अंतर काहीशे मीटरच असतं, पण मध्ये डोंगराचा खांदा येतो. त्याच्यापुढे वॅट फारसे कामाला येत नाहीत. मोकळ्या जागेतसुद्धा ताकद दहापट केली तर अंतर तिप्पटच वाढतं.

वॉकीटॉकीच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती इंटरकॉमवाले सहसा सांगत नाहीत. ४४६ ची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर लांब, इंटरकॉम ज्यावर चालतात त्या ब्लूटूथची साडेबारा. लांब लहर कड्यावरून आणि झाडीतून थोडी अधिक वळसा घेते. म्हणून इंटरकॉम मुका होतो तिथे अर्ध्या वॅटचा सेट खरखरत का होईना बोलतो. केळघर किंवा आंबेनळी घाटात मोठा ग्रुप नेताना लीड आणि स्वीप, म्हणजे सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा, या दोघांकडे असे कायदेशीर सेट असावेत, असं माझं ठाम मत आहे. ‘मागचा पंक्चर झालाय, थांबा’ एवढं पुढे पोचलं तरी पुष्कळ.

पण ‘कितीही जण एका चॅनेलवर’ म्हणजे एका वेळी एकच जण. बटण दाबलेलं असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर एकाचा आवाज तरी दबतो, नाहीतर दोघांचा चुथडा. आणि बटण दाबायला हात कुठला? सेट जॅकेटच्या खिशात ठेवून चालत नाही. हेल्मेटमध्ये स्पीकर-माइक आणि हँडलवर बटण असा जोड लागतो, त्याचा खर्च मेसेजमध्ये नसतो. बोललं की आपोआप सुरू होणारा व्हॉक्स वाऱ्याच्या आवाजानेच सुरू होतो, मग सगळ्यांना नुसता वारा ऐकवायचा. कासच्या भुरभुर पावसाला हे स्वस्त सेट किती दाद देतील, तेही विचारून घ्या.

इंटरकॉम एकाच कंपनीचे लागतात, हा मुद्दा अर्धा खरा. साध्या ब्लूटूथमध्ये रायडर साखळीने जोडले जातात, बहुतेक चारपर्यंत. मधला एक जण पेट्रोलला थांबला की साखळी तुटते. दुसऱ्या कंपनीचा सेट ‘युनिव्हर्सल’ या सोयीने जोडता येतो, पण तो बहुधा फोन जोडायची जागा अडवतो. मेशचा प्रकार वेगळा, त्यात साखळीऐवजी सगळ्या सेटचं जाळं होतं. कार्डो कंपनीच्या पॅकटॉकमध्ये १५ पर्यंत रायडर, सेना (Sena) कंपनीच्या ग्रुप मेशमध्ये २४, आणि बंगळूरच्या ब्लूआर्मरचंही स्वतःचं मेश आहे. ही मेश मात्र एकमेकांशी थेट बोलत नाहीत, त्यामुळे ग्रुपने आधी कंपनी ठरवावी आणि मग खरेदी करावी. मेशचा खरा फायदा घाटात दिसतो: प्रत्येक सेट पुढच्याचा आवाज मागे पोचवतो. दोन रायडरांत दीडेक किलोमीटर अंतर चालतं असं कंपन्या सांगतात, पण ते उघड्यावरचं. घाटात प्रत्येक वळणावर आपला एक तरी रायडर राहील असं अंतर ठेवलं तर डोंगराचा खांदा आड आला तरी बोलणं चालू राहतं. पुढचे दोघे सुसाट गेले तर वीस हजारांचा सेटही मुकाच.

दोघं नवरा-बायको एकाच गाडीवर असतील, तर एवढ्यात पडूच नका. सगळ्यात साधा ब्लूटूथ जोड पुरे.

राहिला फोनचा ग्रुप कॉल. हायवेवरच्या वाढे फाट्यापर्यंत उत्तम चालेल. कास ओलांडून बामणोलीकडे उतरायला लागलं की नेटवर्क येतं-जातं, आणि एकदा कॉल तुटला की परत जोडायला कुणीतरी फोन हातात घेतो. चालत्या गाडीवर हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड, नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.