चित्रातली खुर्ची

गेल्या शनिवारी बूट घ्यायला मॉलमध्ये गेलो होतो. आज मंगळवार, तरी डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे आधाराचा धातूचा सांगाडा, गाडीचा ब्रेक आणि ऍक्सिलरेटर हाताशी करून घेतलेत. बेसमेंटमध्ये लिफ्टच्या अगदी तोंडाशी दोन निळ्या जागा, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र, भिंतीवर पाटी: 'फक्त दिव्यांगांसाठी. अन्यथा जॅमर लावण्यात येईल.' पहिल्या जागेत एक पांढरीशुभ्र एसयूव्ही ऐसपैस बसलेली. दुसऱ्या जागेत फिनेलचे कॅन, बादल्या आणि गेल्या नाताळातला सांताक्लॉज आडवा टाकलेला. सांताचा एक पाय मोडला होता, त्यामुळे नियमात बसणारा तेवढा तो एकच.

गार्डकाका खुर्चीवर बसून शांतपणे शेंगा सोलत होते.

"काका, ही दिव्यांगांची जागा आहे ना?"

"हाय की. पेशंट कुठाय?"

"पेशंट कोणी नाही. मीच."

काकांनी वाकून मागची सीट बघितली. मग डिकीकडे पण एक नजर टाकली. "पण तुमी तर गाडी चालवताय."

"मग येणार कसा?"

"तसं नव्हं साहेब. चित्रात खुर्ची हाय. ज्याची खुर्ची त्याची जागा. तुमची खुर्ची कुठाय?"

मी म्हणालो अहो काका ती नुसती खूण असते, लेडीज टॉयलेटच्या दारावर फ्रॉकवाली बाई असते म्हणून काय साडीवालीला आत सोडत नाहीत का? काकांनी शेंग हातात धरून यावर खरोखर विचार केला. म्हणाले, "तिकडं माझी ड्यूटी नसती."

शेवटी आरसी काढून दाखवली. इथेच चुकलं. माझी गाडी जुनी, आणि आमच्यासारख्यांच्या गाडीला तेव्हा मोटार वाहन कायद्यातच 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगाची गाडी, म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला, माझ्या कागदावरून गेला नाही. काकांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि चेहरा गंभीर केला. "इनव्हॅलिड म्हंजी बाद ना साहेब? एटीएमवर पिन चुकला की हेच येतं. बाद गाडी आत कशी सोडली तुमाला?"

म्हणजे मी जागा मागायला गेलो आणि गाडीच जप्त व्हायची वेळ.

मग त्यांनाच दया आली. मॉलची व्हीलचेअर आहे म्हणाले, फुकट मिळते. फक्त ती तिसऱ्या मजल्यावर कस्टमर केअरला असते आणि आधार कार्ड घेऊन स्वतः जाऊन आणावी लागते. एकदा आणली की मग जागा मिळायला काही प्रॉब्लेम नाही.

"ते राहू द्या, या गाडीला जॅमर लावा. पाटीवर लिहिलंय." काकांनी लगबगीने जॅमर आणून दाखवला. तो टू-व्हीलरचा होता.

पोलिसांना फोन करून बघा असं कुणी सुचवू नका, मागे एकदा केलाय. जागा प्रायव्हेट आहे, मॅनेजमेंटशी बोला. मॅनेजमेंट म्हणतं आम्ही फक्त रिक्वेस्ट करू शकतो. आणि कागदावर बघाल तर काय थाट! १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. आम्ही तिप्पट झालो, जागा दोनच, त्यातली एक सांताला. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. पण बेसमेंटमध्ये येऊन तो फाडणार कोण? टू-व्हीलरचा जॅमर?

लोकांना वाटतं आम्हाला लिफ्टजवळची जागा लाडाने देतात. अहो, मुद्दा दाराचा आहे. ती जागा ३.६ मीटर रुंद ठेवायची असते ती उगाच नाही. मला दार पूर्ण उघडावं लागतं, मग दोन्ही हातांनी पाय उचलून सरळ बाहेर काढायचा, उभं राहायचं, गुडघ्याचं लॉक खट्ट वाजेपर्यंत खाली दाबायचं. वीतभर फटीतून हे होत नाही. अंग आकसून बाहेर पडायला मी काही मांजर नाही.

काका हळूच म्हणाले, "मागल्या महिन्यात एकाला हटकलं साहेब. त्यानं वर तक्रार केली, माझा दिवस कापला. तुमी चिडून जाताल, मला उद्या परत यायचंय." यावर मला बोलता येईना, आणि त्याचा राग वेगळाच.

खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात गाडी लावली. तिथली लिफ्ट बंद, मग रॅम्पने वर. बूट मिळाले. माझे पाय सहा आणि आठ नंबरचे, त्यामुळे दरवेळी दोन जोड घ्यावे लागतात. 'एकावर एक फ्री'ची जाहिरात माझ्यासाठीच काढली असावी असं मला आपलं वाटतं. घरी सात उजवे आणि सात डावे नवेकोरे पडलेत, कुणाचे उलटे पाय असतील तर कळवा.

परत येताना एसयूव्हीचा मालक दिसला. पंचविशीतला, हाफ पँट, हातात पॉपकॉर्न, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरला. काकांनी सलाम ठोकला आणि शिट्टी वाजवत, सांताला धक्का लागणार नाही अशा बेताने, गाडी मागे घेऊन दिली.

बाहेर पडताना बूथवरची मुलगी म्हणाली, "साठ रुपये सर."

"दिव्यांगांना फ्री आहे ना?"

"आहे ना सर. पण निळ्या जागेतल्या गाड्यांना. तुमची बी-टू दाखवतंय." समोरची पांढरी गाडी नुकतीच फ्रीमध्ये गेली होती. माझ्याकडे शंभरची नोट, तिच्याकडे सुट्टे नाहीत, आणि मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला.