टोनीची 'चूक': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'स्कारफेस' या सिनेमावर बेतलेल्या 'स्कारफेस: मनी. पॉवर. रिस्पेक्ट.' या गेमबद्दल मी लिहिलं (तो पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर चालतो), त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, इतक्या रक्तबंबाळ सिनेमाचा नकाशावर माणसं सरकवण्याचा खेळ करणं ही पळवाट आहे आणि मी तिचं कौतुक केलं. दुसरा, कोकेनचा धंदा मी निव्वळ नफा-तोट्यात मांडला आणि माणसं विसरलो. पहिला मला पटत नाही. दुसऱ्यानं मात्र दोन दिवस पाठ सोडली नाही.

२००६ मध्ये याच सिनेमावरचा 'द वर्ल्ड इज युअर्स' हा मोठा गेम कन्सोल आणि पीसीवर आला. पीएसपीसाठी फारसाइट स्टुडिओजनं हा वेगळा गेम बनवला. तुम्ही म्हणता तशी ती यंत्राची मजबुरी नव्हती. मेमरी ३२ एमबी आणि ॲनालॉग नब (दिशा देणारी बोटाची चकती) एकच, हे खरं; पण आदल्याच वर्षी 'लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमनं त्याच यंत्रावर अख्खं शहर फिरवून दाखवलं होतं. मोठ्या गेमची कापून-छाटून केलेली आवृत्ती काढणं सहज शक्य होतं. तसं न करता पाळीपाळीनं खेळायचा डाव मांडला, हे मला धाडसाचं वाटतं.

आणि हा डाव सिनेमाशी इमानदार आहे. १९८३ च्या या सिनेमाचा शेवटचा गोळीबार सगळ्यांना आठवतो. मधला भाग आठवून बघा. बोलिव्हियात कोकेन पुरवणाऱ्या सोसासमोर बसून सिनेमाचा नायक टोनी आपल्या मालकाला, फ्रँकला, न विचारता सौदा ठरवतो. पुढे नोटांच्या पिशव्या बँकेत जायला लागतात, बँकवाला टक्केवारी वाढवून मागतो, ती वाचवायला टोनी दुसऱ्यांकडे पैसे नेतो आणि ते निघतात पोलीस. खटला कशाचा, तर काळा पैसा पांढरा केल्याचा आणि करचुकवेगिरीचा. इतकी माणसं मारणारा हा माणूस अडकतो हिशेबात.

खेळताना माझंही तसंच झालं. शेजारचा इलाखा घ्यायच्या घाईत मी माणसं पुढे काढली, मागे मोजकीच ठेवली. अंगठा बटणावर दोनदा थांबला होता, तरी दाबलं. पुढच्याच पाळीत मागचा भाग गेला आणि तिथून येणारा पैसा आटला. उजवीकडचा स्विच वर सरकवून मी पीएसपी झोपवला. तासाभरानं उठवला, तेव्हा त्या ४.३ इंची स्क्रीनवर माझा उतावळेपणा जसाच्या तसा मांडलेला होता. हातात मावणाऱ्या यंत्रावर असा डाव फार शोभतो. मारामारीत फारसं काही आपल्या हातात राहत नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

आता दुसरा आक्षेप. तो वाचून मी सिनेमा पुन्हा लावला. न्यूयॉर्कमधला प्रसंग. संयुक्त राष्ट्रांत बोलायला निघालेल्या माणसाच्या गाडीखाली बॉम्ब लावलेला आहे, टोनी मागून दुसरी गाडी चालवतोय, शेजारी सोसाचा माणूस रिमोट घेऊन बसलाय. बॉम्बवाल्या गाडीत ऐनवेळी त्या माणसाची बायको आणि मुलं बसतात. टोनी चिडतो, ओरडतो, आणि शेवटी रिमोटवाल्यालाच गोळी घालतो. सोसा त्याच्या घरावर माणसं पाठवतो ते यामुळेच.

हिशेबाच्या खेळात ही खेळी शुद्ध नुकसानीची आहे. सौदा मोडला, पुरवठा गेला, सगळ्यात मोठा दोस्त शत्रू झाला. असं वागणाऱ्याला कुठलाही डाव हरवेलच. पण अख्ख्या सिनेमात टोनीच्या हातून माणसासारखं काही घडलं असेल, तर ते तेवढंच. इलाखा, माल आणि पैसा मोजणाऱ्या खेळात त्या मुलांना कुठल्या रकान्यात घालणार? तुम्ही बोट ठेवलंत ते इथेच, आणि मी हे लिहायला हवं होतं.

माझ्या लेखात शेवटाकडे 'टोनीची सगळ्यात महागडी चूक' म्हणून याच प्रसंगाचा उल्लेख होता. गेमच्या नजरेनं बघता बघता मी तसं लिहून गेलो होतो. त्यातला 'चूक' हा शब्द आज काढला आहे.