लंडनला संघ? जत्रा वेगळी, संसार वेगळा

लंडनमधले एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) सामने हाउसफुल्ल जातात, म्हणून तिथे कायमचा संघ द्यावा, हा लेखातला तर्क पटला नाही. वर्षातून दोन-तीन सामने म्हणजे जत्रा, लोक हौसेने येणारच. स्टँडमधल्या जर्सी बघा, जवळपास सगळ्या ३२ संघांच्या दिसतात. म्हणजे खेळाचे चाहते आहेत, 'आपला' संघ कुणाचाच नाही. फ्लोरिडाचा जॅक्सनव्हिल संघ २०१३पासून तिथे खेळतोय, तरी!

आणि इतिहास विसरू नका. लंडन मोनार्क्स या तिथल्या जुन्या संघाने १९९१ला वेम्ब्लीवर पहिला 'वर्ल्ड बोल', म्हणजे एनएफएलच्या पाठबळावरच्या लीगचा अंतिम सामना, जिंकला, साठ हजारांवर लोक होते. काही वर्षांत तो संघ गुंडाळला. २००७ला तीच लीग, तेव्हाचं नाव एनएफएल युरोपा, बंद झाली तेव्हा सहापैकी पाच संघ जर्मनीतले होते. प्रयोग करायचाच तर तिकडे करा.

खरी गोची रोजच्या व्यवहाराची आहे. रविवारी खेळाडू जखमी झाला की मंगळवारी नव्या खेळाडूंची चाचणी घेऊन बदली माणूस उभा करतात. त्याला अमेरिकेतून लंडनला कसा आणणार? व्हिसाचं काय? शिवाय ब्रिटनचा वरच्या उत्पन्नावरचा ४५ टक्के आयकर. फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही. चांगला खेळाडू कुठे सही करेल, सांगा बरं.

हे सामने होतात त्या लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमचं सरकतं मैदान मात्र भारी आहे, मानलं!