रास्पबेरी पायचं कार्ड लॉक नसतं ओ
आपल्या सांगलीच्या ग्रुपवर फिरतंय की रास्पबेरी पाय या एका बोर्डवरच्या छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड त्याच बोर्डच्या सिरीयल नंबरला लॉक असतं, क्लोन (हुबेहूब नक्कल) केलं तर दुसऱ्यावर चालत नाही. चुकीचंय. सिरीयलला बांधलेली होती ती जुन्या पायवरची एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ चालवायला विकत घ्यायची लायसन्स-की (परवान्याचा कोड), बहुतेक तिथनंच हे उठलंय. खरी गोम अशी की विंडोजमध्ये कार्डचा फक्त छोटा, मशीन सुरू करणारा भाग (बूट पार्टिशन) दिसतो, लोक तेवढंच कॉपी पेस्ट करत्यात आणि मग बोर्डच्या नावानं बोंब मारत्यात, सगळी सिस्टीम असलेलं लिनक्सचं ईएक्सटी४ पार्टिशन, जे विंडोजला वाचता येत नाही, ते राहतंय की मागं! अख्ख्या कार्डची इमेज, म्हणजे सगळ्या पार्टिशनसकट एका फाईलमधली नक्कल, काढा. नवं कार्डपण ३२ जीबीचंच असलं तरी थोडं लहान भरू शकतं, मग इमेज मावत नाही, ते बघा. होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) आणि एसएसएच-की (लांबून लॉगिन करताना बोर्डची ओळख पटवणारी की) मात्र प्रत्येक बोर्डवर बदला. आणि पाय ५ वर बुकवर्म या रास्पबेरी पाय ओएसच्या आवृत्तीच्या आधीची इमेज उठणार नाही.