गहू बंद केला, तरी दुधाने पोट का बिघडते?

गहू सोडण्याविषयीच्या एका लेखात, गहू बंद करताच पोट शांत होते, असा सूर आहे. सीलिअ‍ॅक (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या) आजाराचे निदान झालेल्या माझ्या मुलीच्या बाबतीत मात्र पहिले दोन-अडीच महिने तसे घडले नाही. ती भात-भाकरीवर आल्यानंतरही सकाळच्या कपभर दुधाने तिचे पोट फुगत असे व जुलाब होत, त्यामुळे आहारात कुठूनतरी गहू शिरतो आहे, असे आम्हाला वाटले. (तशी एक चोरवाट सापडलीही: बाजारातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.) खरे कारण वेगळेच निघाले. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्यातील रसांकुरांच्या, म्हणजे आतल्या अस्तरावरील बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांच्या, टोकाशी असते, आणि या आजारात नेमके तेच रसांकुर झिजलेले असल्यामुळे न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन आंबते व वायू होतो. रसांकुर भरून यायला काही महिने, प्रौढांत कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून दुधाची ही तक्रार बहुधा तात्पुरती असते. आम्ही दूध थांबवले, पण चांगले विरजलेले दही आणि साजूक तूप तिला सोसले. कॅल्शियमसाठी नाचणी दिली, कारण १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. मात्र तीही बेताबेताने वाढवली, कारण एकदम वाढलेल्या तंतूंनीही पोट फुगते. सहा महिन्यांनी दूध पुन्हा सुरू झाले. केवळ शंकेवरून गहू सोडणाऱ्यांनी आधी या आजारासाठीची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यानंतर तीच तपासणी फसवी ठरू शकते.