शिक्षकांची प्रश्नावली म्हणजे एडीएचडीचे निदान नव्हे

‘शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीत गुण जास्त आले की मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांची विकासात्मक समस्या) आहे हे सिद्ध होते आणि औषध सुरू होईपर्यंत शाळा त्याला घरी बसवू शकते’, असा संदेश सध्या पालकांमध्ये फिरतो आहे. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

प्रश्नावली हा मूल्यमापनाचा केवळ एक भाग असतो. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकष-पुस्तिकेनुसार लक्षणे किमान 6 महिने टिकलेली, वयाच्या 12 वर्षांपूर्वी दिसलेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात. म्हणूनच केवळ गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीचा) विचार व्हायला हवा, शिवाय नजर, ऐकू येणे आणि झोप यांचीही तपासणी व्हायला हवी. नाहीतर फळा नीट न दिसणारे मूलही ‘लक्ष देत नाही’ या शिक्क्याखाली सहज सापडते. निदान बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात आणि औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर व पालक मिळून ठरवतात.

राहिला घरी बसवण्याचा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही, तर कलम 17 शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई करते. वर्गातील मदतीसाठी निदानाची वाट पाहण्याचे तर काहीच कारण नाही: दार-खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा देणे, एका वेळी एकच सूचना देणे आणि वीस उदाहरणांऐवजी पाच-पाचचे गट करून मध्ये उठू देणे, हे शिक्षकांना उद्यापासूनही करता येईल.