तिसऱ्या मजल्यावर अपडेट चढत नाही

गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी पहाटे येतं. आधी तळमजल्यावर धो धो, मग पहिल्यावर बरं, दुसऱ्यावर करंगळीएवढी धार, आणि आम्ही तिसऱ्यावरचे लोक नळाचं नुसतं सूंऽऽ सूंऽऽ ऐकत बादली घेऊन उभे. अँड्रॉइडचं नवं व्हर्जनही असंच येतं. कंपन्यांचा त्याला शब्द आहे, 'टप्प्याटप्प्याने'. आधी थोड्या फोनांना द्यायचं, कुणी बोंबललं नाही तर आणखी थोड्यांना, मग सगळ्यांना. यातलं शहाणपण मला पटतं. त्या पहिल्या थोड्यांत मी कधीच का नसतो, एवढंच पटत नाही.

तळमजल्यावरच्या अण्णांनी माझ्या सल्ल्यानं माझ्याच मॉडेलचा फोन घेतला. रंगसुद्धा तोच. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. त्यांच्या फोनवर वरून एक पट्टी उतरली आणि अण्णांनी ती बोटानं, पोह्यांवरची माशी हाकलावी तशी, उडवून लावली.

"अण्णा, अहो, काय होतं ते?"

"कोण जाणे. रविवारपासून येतंय. मी रोज हाकलतो."

नवं व्हर्जन होतं. अख्खं. मी गेले पंधरा दिवस जेवायच्या आधी, जेवल्यावर आणि मध्ये मीठ वाढून घेताना 'अपडेट तपासा' दाबत होतो, आणि फोन मला दर वेळी सांगत होता, तुमची सिस्टीम अद्ययावत आहे. पाणी खाली धो धो वाहत होतं आणि मालक नळ बंद करत होता.

हे वेड मला जुनं आहे. अँड्रॉइडच्या व्हर्जनांना पूर्वी खाऊची नावं असत. 2009 साली कपकेक, मग डोनट, एक्लेअर, अशी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. 2015 साली 'एम'ची पाळी आली तेव्हा मी सौ.ला पैजेवर सांगितलं होतं, बघ, मोदक ठेवतील. मार्शमॅलो ठेवला. तो पदार्थ मी अजून चाखलेला नाही. 2018 साली 'पी' आला, मला पुरणपोळीची आशा, तर नुसतं 'पाय' नावाचं इंग्रजी पक्वान्न. 2019 साली गूगलनं खाऊच बंद केला आणि शाळेतल्या हजेरीसारखे नुसते आकडे ठेवले, दहा, अकरा, बारा. पण आतल्या गोटात नावं अजून चालू आहेत. बाराचं आतलं नाव आहे स्नो कोन, म्हणजे चौपाटीवरचा बर्फाचा गोळा. हे मी सौ.ला फार उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "काला खट्टा का?" आणि भाजी परतायला गेली.

चाळीत माझी ख्याती मात्र आहे, आणि ती एकाच युक्तीवर उभी आहे. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडायचं, बिल्ड नंबर शोधायचा (काही फोनांत तो आणखी एक पान आत दडवलेला असतो) आणि त्यावर सात वेळा टिचक्या मारायच्या. मग डेव्हलपरसाठीचा, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा, एक छुपा कप्पा उघडतो. त्यात अ‍ॅनिमेशन स्केल नावाच्या तीन ओळी असतात. तिन्ही एकवरून अर्ध्यावर आणायच्या, बस. फोनचा वेग तेवढाच राहतो, फक्त पडदे सरकायला निम्मा वेळ लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मामींना तेव्हापासून वाटतं की मी त्यांच्या फोनचं इंजिन बदललं. अण्णांच्या फोनवर हे करत असताना 'आता तुम्ही डेव्हलपर आहात' असं आलं. आमच्या चाळीत या शब्दाला एकच अर्थ आहे, चाळ पाडून नवी इमारत बांधणारा बिल्डर. अण्णांनी चष्मा काढला. "तू डेव्हलपर? मग आधी जिन्याचा कठडा दुरुस्त कर आणि ट्रान्झिट कॅम्पचं भाडं किती देणार ते सांग."

असो. तर मला अपडेट येत नव्हतं, पण त्याच्याही पुढच्या आवृत्तीचा बीटा मात्र मागेल त्याला मिळत होता. बीटा म्हणजे अर्धं शिजलेलं पिठलं, गुठळ्या कुठे आहेत ते आपण खाऊन सांगायचं. रोजच्या वापराच्या फोनवर बीटा कधी घालू नये. टाकलाच तर आधी बॅकअप घ्यावा, कारण परत फिरायचं तर सगळा फोन पुसावा लागतो. हे मी आजवर निदान वीस जणांना बजावून सांगितलंय. रविवारी रात्री साडेअकरा वाजता मी रोजच्या वापराच्या फोनवर, बॅकअप न घेता, बीटा घातला.

कंपनीचं चिन्ह आलं. ठिपके गोल फिरले. अंधार. चिन्ह आलं. ठिपके फिरले. अंधार. पाचव्यांदा चिन्ह आलं तेव्हा पोटात गोळा आला, आणि तो चौपाटीवरचा नव्हता.

रात्री दोन वाजता मी गॅलरीत, पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं एकत्र दाबून उभा. पडद्यावर अँड्रॉइडचा तो हिरवा यंत्रमानव आडवा पडलेला, पोटावर लाल त्रिकोण, खाली लिहिलेलं की आज्ञा नाही. आमच्या दोघांची अवस्था सारखीच. पुढे रिकव्हरीचा, म्हणजे बिघडलेला फोन सावरायचा, मेनू येतो. तिथे बोट चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणानं एकेक ओळ उतरायचं, आणि 'रीबूट'पासून दोन-चार पायऱ्या खाली 'सगळा डेटा पुसा' बसलेला असतो. अंगठा थरथरत होता. मी वर जाई, रीबूट करी, ठिपके फिरायला लागले की धीर सुटून पुन्हा बटणं दाबी. चारच्या सुमारास बॅटरीनंच मान टाकली.

सकाळी गजर झाला नाही, कारण गजर फोनमध्ये. पास फोनमध्ये. पैसे फोनमध्ये. सौ.नं तांदळाच्या डब्यातून पाचशेची नोट काढून हातावर ठेवली, वर "सुट्टे आणा" म्हणाली. चर्नी रोडला कितीतरी वर्षांनी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी नोट उलटसुलट करून पाहिली. अंधेरीला ऑफिसात कॉम्प्युटर उघडायला ओटीपी लागतो, आणि तो कुठे येतो ते सांगायला नको. आमच्या सिस्टीम विभागातला मुलगा आला, सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय हळू आवाजात म्हणाला, "सर, बीटा? मेन फोनवर?" हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर सौ. म्हणाली, "अहो, तुमचा फोन वाजत होता. दोनदा."

तिनं तो सकाळी चार्जिंगला लावला होता आणि विसरली होती. फोन चालू होता. जुनं व्हर्जन, फोटो, पास, सगळं जागच्या जागी. बसून विचार केला तेव्हा उलगडा झाला. 2016 च्या नूगा नावाच्या व्हर्जनपासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की सिस्टीमसाठी दोन खोल्या असतात. आपण एका खोलीत राहत असताना नवं व्हर्जन दुसऱ्या खोलीत उतरवतात. तिकडे काही वेळा चालू होऊन पाहिलं आणि जमलं नाही, तर फोन मुकाट्यानं जुन्या खोलीत परत येतो. रात्रभर तो बिचारा परत यायचा प्रयत्न करत असणार आणि मी दर वेळी बटणं दाबून त्याला वाटेत अडवत होतो.

तेवढ्यात खालून हाक आली. अण्णा.

"अरे, ती पट्टी हाकलताना बोट चुकीच्या जागी पडलं. रात्रीत काहीतरी झालंय. टॉर्चचं बटण सापडत नाही."

दोन-दोन पायऱ्या उतरत गेलो. अण्णांच्या फोनवर नवं व्हर्जन लोण्यासारखं चाललं होतं. माझी बोटं आपोआप सेटिंग्जमध्ये गेली. तिथे व्हर्जनच्या आकड्यावर भराभर टिचक्या मारल्या की एक गंमत उघडते. ती उघडली, मी बोट दाबून धरलं आणि काळ्या आकाशात एक लहानसं यान निघालं.

"अण्णा, बघा! अवकाशयान!"

"बघतो," अण्णा काळोखात हात पुढे करून म्हणाले, "आधी टॉर्च दे. मोटार बंद पडलीय, तुमच्या तिसऱ्यावर उद्या पाणी नाही."